षट्कर्णी करण्याचे कष्ट

गुपित षट्कर्णी व्हायला कोणाला काही करावे लागत नाही. पण मोबाइलवर चालू असलेला एखादा साधा रहस्यपट तीन माणसांच्या सहा कानांपर्यंत, आणि त्या सहा कानांपलीकडे कुठेही नाही, असा पोहोचवायचे ठरवले की वायरी, जॅक, अडॅप्टर, ओहमचा नियम आणि घरातला सलोखा या सगळ्यांची एकदम कसोटी लागते. सातवा आणि आठवा कान आमच्या घरी शेजारच्या खोलीत झोपलेले असतात. ते अण्णांचे. स्वतःच्या घोरण्याने अण्णांची झोप मोडल्याचे कधी ऐकिवात नाही, पण भिंतीपलीकडे पडद्यावरच्या एखाद्या पात्राने हळूच ‘कोण आहे तिकडे?’ असे विचारले, तरी ते अंथरुणातून ‘मी आहे, काय पाहिजे?’ असे उत्तर देतात. त्यामुळे रात्री स्पीकर लावणे आमच्याकडे निषिद्ध आणि हेडफोन लावणे सक्तीचे आहे. प्रेक्षक मात्र तीन आहेत: मी, सौ. आणि मुक्कामाला आलेली आत्या. चौथा माझा पुतण्या. तो चित्रपट पाहत नाही, फक्त तांत्रिक सल्ला देतो.

या विषयात मी बरेच लक्ष घातले असून माझे मत असे झाले आहे की ध्वनीची यंत्रे बनवणाऱ्यांना एक माणूस समजतो आणि जमाव समजतो. तीन माणसे समजत नाहीत. एकासाठी हेडफोन आहे, जमावासाठी स्पीकर आहेत, कर्णे आहेत, सभागृहे आहेत. पण एका कोचावर बसून एकच गोष्ट ऐकू इच्छिणारी आणि पलीकडच्या चौथ्याला त्रास देऊ न इच्छिणारी तीन शहाणी माणसे जगात कुठे राहत असतील, ही शक्यताच विचारात न घेता सगळे जॅक घडवलेले असतात.

सुरुवातीला असे नव्हते. २३ नोव्हेंबर १८८९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमधल्या पॅले रॉयाल नावाच्या मद्यगृहात लुई ग्लास या गृहस्थांनी एडिसनचा एक फोनोग्राफ मांडला. नाणे टाकल्यावर तो वाजत असे आणि डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपला असतात तशा ऐकण्याच्या चार नळ्या त्याला जोडलेल्या होत्या. मेणाच्या एकाच नळकांड्यावरचे गाणे चौघे जण एका वेळी ऐकू शकत, फक्त ज्याने त्याने आपापल्या नळीचे नाणे टाकायचे. ऐकून झाल्यावर नळीची टोके पुसण्यासाठी तिथे टॉवेलही ठेवलेले असत. म्हणजे चार माणसे, चार वाटा, चार स्वतंत्र हिशेब आणि वर स्वच्छतेची काळजी, एवढे सगळे विजेचे दिवेही नीट रुळले नव्हते त्या काळात कोणाला तरी सुचले होते. पुढच्या काळात यंत्रे लहान होत गेली आणि ती ऐकणाऱ्यांची संख्याही लहान होत गेली.

ज्या घरात इअरफोनची एकच जोडी असते तिथे वाटणी सरळ होते: डावा एकाला, उजवा दुसऱ्याला. ही रीत जुनी आहे. १९२० च्या दशकात क्रिस्टल रेडिओभोवती जमलेली कुटुंबे हेच करीत, कारण त्या रेडिओला बॅटरी लागत नसे, पण त्यामुळेच त्यात आवाज वाढवण्याची काही सोयही नसे. हेडफोनचा एकेक कान वाटून घ्यायचा, किंवा अख्खा हेडफोन एखाद्या खोलगट भांड्यात ठेवून सगळ्यांनी त्याभोवती डोकी जमवायची. तिथे हे खपून जाई, कारण दोन्ही कानांत एकच आवाज येत असे. स्टिरिओ आला आणि वाटणीत वाद शिरला. ॲलन ब्लमलाइन या ब्रिटिश अभियंत्याने १९३१ साली स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा त्याच्या मनात एकाच माणसाचे दोन कान होते. नवऱ्याचा एक आणि बायकोचा एक, अशी जोडी त्याने धरलेली नव्हती.

चित्रपटातले संवाद बहुधा मधोमध, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखेच ठेवलेले असतात, त्यामुळे बोलणे दोघांनाही कळते. पंचाईत होते ती हालचालींची. पडद्यावर मोटार डावीकडून उजवीकडे गेली की सौ.ला ती येताना ऐकू येते आणि पुढे तिचे काय झाले ते कळत नाही. मला ती कुठूनही न येता एकदम निघून जाताना ऐकू येते. मोटारीपुरते हे चालून गेले असते, रहस्यपटात चालत नाही. खुन्याची पावले तिच्या कानात जिना चढली, दार मात्र माझ्या कानात करकरले. मागच्या खिडकीची काच तिच्याकडे फुटली आणि खोकला माझ्याकडे आला. मध्यंतरापर्यंत आम्ही दोघांनी दोन वेगवेगळ्या माणसांवर संशय धरलेला होता आणि दोघांच्याही हातात सबळ पुरावा होता. फोनच्या सुलभता सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ नावाचा एक पर्याय असतो, जो मुळात एका कानाने कमी ऐकू येणाऱ्यांसाठी ठेवलेला आहे. तो चालू केला की डावे-उजवे एकत्र होऊन दोन्ही बाजूंना सारखे येते, आणि निदान आरोपी तरी एकच राहतो. इअरफोन वाटून ऐकणाऱ्या कोणत्याही दोन माणसांनी सर्वांत आधी करण्याची गोष्ट हीच आहे.

पण आवाज एक झाला तरी वायर तेवढीच राहते. इअरफोनच्या वायरीला वर जे दोन फाटे फुटतात त्यांची लांबी एका डोक्याच्या मापाने ठरवलेली असते. त्यात दोन डोकी बसवायची म्हणजे कपाळाला कपाळ लावून बसणे आले. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर कपाळाला कपाळ लावून आम्ही खुनाचा तपास करीत असू, अशी कल्पना दोघांपैकी कोणीच केलेली नव्हती. एकाने मान हलवली की दुसऱ्याचा इअरफोन निसटतो, त्यामुळे हसणे आणि दचकणे दोन्हीही संगनमताने करावे लागते. शिवाय या व्यवस्थेत आत्याला जागाच नव्हती. मी उदारपणे माझा इअरफोन तिच्यापुढे धरला, तेव्हा तिने तो दोन बोटांच्या चिमटीत धरून उजेडाकडे नेला, बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाली, “दुसऱ्याच्या कानातले मी माझ्या कानात घालत नाही रे.” लुई ग्लास यांच्या टॉवेलांचे महत्त्व मला त्या क्षणी पटले.

तेव्हा स्प्लिटर आणायचे ठरले. पुतण्या म्हणाला, “काका, त्यात काय आहे? एकाचे दोन करणारी वायर मिळते.” एकाचे दोन करणारी वायर मिळते हे खरेच आहे; पण एकाचे दोन करणाऱ्या, दिसायला अगदी सारख्या असलेल्या आणि गुणधर्माने एकमेकींशी काडीचाही संबंध नसलेल्या तीन वायरी मिळतात, हे त्याने सांगितले नाही. पहिली एका जॅकची दोन हेडफोनची सॉकेटे करते, ती आपल्याला हवी असते. दुसरी फोनच्या चार पट्ट्यांच्या जॅकमधून हेडफोन एका बाजूला आणि मायक्रोफोन दुसऱ्या बाजूला वेगळा काढते, म्हणजे तिच्या एका सॉकेटातून आवाज बाहेर येतो आणि दुसऱ्यातून आत जातो. तिसरी डावा आवाज एका टोकाला आणि उजवा दुसऱ्या टोकाला पाठवते; ती घेतली की आपण संशयितांच्या वादावर परत येतो. पुतण्याने दुसरी आणली होती. तिच्यावर हेडफोनचे आणि मायक्रोफोनचे चित्र कोरलेले असते खरे, पण ते काळ्यावर काळे आणि तांदळाएवढे असते. मायक्रोफोनच्या सॉकेटात आत्याचा हेडफोन बसला. आत्या मान्यवर पाहुणी असल्यामुळे तक्रार करीत नाही. तिने मध्यंतरापर्यंत चित्रपट एकाग्रतेने पाहिला आणि मग म्हणाली, “सगळे छान आहेत हो, पण एकमेकांशी बोलत का नाहीत? घरात काही भांडण झाले आहे का?”

योग्य स्प्लिटर आला. खरे तर एकाचे पाच करणारा, पंचमुखी म्हणावा असा, गोल आला. तिथून पुढे या प्रकरणाचा खरा गाभा सुरू होतो, कारण तोपर्यंत प्रश्न जॅकचा होता आणि आता तो न्यायाचा झाला.

पुष्कळ लोकांची अशी समजूत असते की एका फोनला तीन हेडफोन जोडले की आवाजाचे तीन वाटे पडतात आणि प्रत्येकाला तिसरा हिस्सा मिळतो. तसे झाले असते तर फार बरे होते. सगळ्यांवर सारखाच अन्याय झाला असता. स्प्लिटरमध्ये हेडफोन समांतर जोडले जातात. फोन भक्कम असेल तर सगळ्यांना व्होल्टेज जवळजवळ सारखेच मिळते, पण त्या व्होल्टेजमधून कोण किती शक्ती ओढून घेणार हे ज्याच्या त्याच्या हेडफोनच्या रोधावर, म्हणजे तो विजेला किती ओहमचा अडथळा करतो यावर, अवलंबून असते. सौ.चे कानात खोचायचे इअरफोन १६ ओहमचे आहेत, माझा हेडफोन ३२ ओहमचा आहे आणि आत्यासाठी माळ्यावरून काढलेला, दोन्ही कान पूर्ण झाकणारा, स्टुडिओत वापरतात तसला मोठा हेडफोन २५० ओहमचा आहे. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध, या शाळेतल्या सूत्राप्रमाणे सौ.च्या इअरफोनला आत्याच्या हेडफोनच्या १५ पटींहून जास्त शक्ती मिळते. हेडफोनची संवेदनशीलताही, म्हणजे तेवढ्याच शक्तीत तो किती मोठा वाजतो हेही, यात ढवळाढवळ करते, पण आमच्या घरी तिनेही आत्याच्या विरोधातच कौल दिला. थोडक्यात, घरात जिला सर्वांत कमी ऐकू येते तिला सर्वांत कमी आवाज आणि जिला भिंतीपलीकडच्या कुजबुजीतला मथितार्थ कळतो तिला सर्वांत जास्त, अशी वाटणी निसर्गनियमांनी करून दिली.

यावरचा उपाय कोणालाही सुचेल: हेडफोनची अदलाबदल. पण कानात खोचायच्या वस्तूविषयी आत्याचे मत वर आलेच आहे. राहिला फोनचा आवाज, आणि तो फोनला एकच असतो. आत्या म्हणे, “जरा वाढव रे.” मी वाढवला की सौ. दोन्ही हात कानांशी नेई आणि “अहो!” एवढेच म्हणे, पण ते असे म्हणे की मी तो तत्काळ कमी करी, मग आत्या काही बोलत नसे, नुसती दीर्घ श्वास सोडून पडद्याकडे पाही, आणि आत्याने तसे पाहिले की घरातल्या कोणालाही तिला कमी आवाजात ठेवण्याचे धैर्य होत नसे. पुढे सौ.ने जागतिक आरोग्य संघटनेचा आधार काढला. ८० डेसिबलच्या पातळीवर आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित मानले जाते, पण ९० डेसिबलला ही मुभा ४ तासांवर येते, असे ती संघटना सांगते. चार तासांत दोन चित्रपटही धड होत नाहीत, तेव्हा आत्याच्या आवाजात पाहायचे असेल तर आठवड्यातून एकच पाहावा, असा प्रस्ताव तिने मांडला. आत्याने तो ऐकला नाही, कारण तिने हेडफोन लावलेला होता.

यात फोनचीही दमछाक होते, हे मात्र मान्य केले पाहिजे. आमचे तिन्ही हेडफोन समांतर जोडल्यावर एकूण रोध जेमतेम १० ओहमच्या आसपास येतो आणि एका माणसाच्या कानांसाठी घडवलेल्या त्या चिमुकल्या ॲम्प्लिफायरला ते ओझे पेलत नाही. आधी ढोलाचा खर्ज जातो, मग मोठे आवाज चिरकू लागतात आणि पिस्तुलाचा बार कोणीतरी पापड मोडल्यासारखा येतो. अण्णांच्या झोपेच्या दृष्टीने ही सुधारणाच होती, पण खून झाला आहे हे कळायला आम्हाला पोलीस येईपर्यंत थांबावे लागे.

इथे एका लहानशा वस्तूचे आभार मानतो. इअरफोनच्या वायरीत मध्येच बसवायची, चाकाने आवाज कमी-जास्त करायची एक जोडवायर मिळते. तिच्यात साधा फिरता रोध असतो, बॅटरीही लागत नाही. ती सौ.च्या वायरीत घातली आणि फोनचा आवाज आत्याच्या मनासारखा ठेवला. दोन माणसांचे असे बहुतेक तंटे या वस्तूने मिटतील. तिचा दोष एवढाच की ती आवाज फक्त कमी करू शकते, आणि नवऱ्याचे बोलणेही तिने कमी होईल अशी सौ.ची काही काळ समजूत झाली होती.

वायरीवरच्या बटणाने मात्र घात केला. ज्या इअरफोनला माइक असतो त्याच्या वायरीवरचे बटण दाबले की चित्रपट थांबतो. चार पट्ट्यांचा स्प्लिटर असेल तर एकाने दाबलेल्या बटणाने तो सगळ्यांसाठीच थांबतो. ही सोय आहे असे वाटते, पण तेच बटण फोन वाजत असताना दाबले तर कॉल उचलला जातो. एका रात्री ऐन उलगड्याच्या वेळी सौ.ने पाणी पिण्यासाठी बटण दाबायला आणि माझ्या धाकट्या बहिणीचा फोन यायला एकच गाठ पडली. चित्रपट गेला आणि आमच्या सहाही कानांत, अत्यंत स्पष्ट, उत्तम दर्जाच्या ध्वनीत बहिणीचा आवाज आला: “वहिनी, एकट्याच आहात ना? आत्याचा मुक्काम आणखी किती दिवस आहे हो?” इतके दिवस ज्या समान वाटपासाठी मी झटत होतो ते त्या वाक्यापुरते पूर्णपणे साधले, कोणालाही एक अक्षर कमी किंवा जास्त ऐकू आले नाही. आत्या शांतपणे म्हणाली, “चित्रपट संपेपर्यंत आहे म्हणावं,” आणि माइक सौ.च्या वायरीला असला तरी तेही पलीकडे व्यवस्थित पोहोचले.

जॅक अर्धवट निसटण्याचा प्रकार याहून विलक्षण असतो. वायर पायात अडकून जॅक किंचित बाहेर आला आणि जमिनीचा, म्हणजे सामाईक परतीचा जोड सुटला, तर कानात डावे वजा उजवे एवढाच फरक उरतो. मधोमध ठेवलेले सगळे त्या वजाबाकीत नाहीसे होते आणि मधोमध असतात ते संवाद. नायक तळमळून बोलतो आहे, ओठ हलत आहेत, मागे व्हायोलिने आहेत, दूरवर घुमल्यासारखे काही आहे आणि शब्द एकही नाही. आत्या म्हणाली, “बघ, परत भांडण झाले वाटते.”

माझ्या मते या सगळ्यावर एकच सच्चा इलाज आहे आणि तो म्हणजे चार तोंडांचा हेडफोन ॲम्प्लिफायर. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत गायक-वादकांसाठी वापरतात ती ही लहान पेटी: एक आवाज आत, चार बाहेर, प्रत्येकामागे स्वतंत्र ॲम्प्लिफायर आणि प्रत्येकाला स्वतंत्र आवाजाचे बटण. १८८९ साली समजलेली गोष्ट निदान स्टुडिओवाल्यांच्या लक्षात राहिली आहे. तिची सॉकेटे बहुधा ६.३५ मिलिमीटरची, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर ज्या मोठ्या प्लगा खुपसत त्याच मापाची असतात, त्यामुळे ३.५ मिलिमीटरच्या प्रत्येक हेडफोनला एकेक अडॅप्टर लागतो आणि त्यातला एक नेहमी कोचाच्या फटीत असतो. पेटीला वीज वेगळी लागते. पण ती लावल्यापासून आत्या तिच्या बटणाशी, सौ. तिच्या बटणाशी आणि मी माझ्या बटणाशी, अशी घरात कायद्याची सत्ता प्रस्थापित झाली.

ती फार टिकली नाही, कारण मी नवा फोन घेतला आणि नव्या फोनला जॅकच नव्हता. २०१६ साली आयफोन ७ जॅकशिवाय बाजारात आला आणि त्यापुढे एकेक करून इतरांनीही ते भोक बुजवले. तीन माणसे ऐकू शकत नव्हती ही आमची तक्रार होती. तिचे निवारण त्यांनी एकालाही ऐकू न देण्याने केले. चार्जिंगच्या तोंडाला लावायचा अडॅप्टर मिळतो, पण मग चार्जिंग होत नाही आणि उलगड्याच्या आधी फोन हमखास मान टाकतो.

पुतण्या म्हणाला, “काका, आता वायरीचा जमाना गेला.” म्हणून आम्ही ब्लूटूथकडे वळलो. नेहमीचे ब्लूटूथ मुळात एका फोनचा आवाज एका हेडफोनकडे नेण्यासाठी घडवलेले आहे. दोन हेडफोन चालवण्याची सोय काही कंपन्यांनी आपापल्या परीने केली आहे. ॲपलने २०१९ साली आयफोनच्या आयओएस १३ या प्रणालीबरोबर ती आणली, पण ठरावीक हेडफोनांच्या दोन जोड्यांपुरतीच. दोन. तीन नाहीतच. पुतण्याने आणलेल्या हेडफोनच्या खोक्यावर ‘मल्टिपॉइंट’ असे ठळक छापले होते, त्यावरून त्याने प्रश्न सुटल्याचे जाहीर केले. मल्टिपॉइंट म्हणजे बरोबर उलटे: एक हेडफोन दोन फोनांना जोडला जातो. आत्याचा हेडफोन माझ्या फोनला आणि तिच्या स्वतःच्या फोनला एकाच वेळी जोडलेला राहिला, आणि नायिका तळघरात उतरत असताना आत्याच्या कानात तिच्या फोनने औषधाची आठवण केली. ती उठून औषध घेऊन आली. परत येईपर्यंत नायिका उरली नव्हती.

शेवटी पेटीच्या जोडीला एक ब्लूटूथ ट्रान्समीटर आला, जो दोन हेडफोनांना आवाज पाठवू शकत होता. आत्या वायरीवरच राहिली. आता विलंबाची ओळख झाली. ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून लहान करतात, पाठवतात आणि पलीकडे पुन्हा उलगडतात. यात सेकंदाचा दहावा भाग, पाचवा भाग असा वेळ सहज जातो आणि तो प्रत्येक हेडफोनला वेगळा लागू शकतो. वायरीला असे काही लागत नाही. त्यामुळे विनोद झाला की आधी आत्या हसते, मग सौ. आणि शेवटी मी. मला प्रत्येक विनोद आधीच कोणीतरी वापरलेला मिळतो. खरे तर आत्या मुळातच लवकर हसते, पुष्कळदा विनोदाच्याही आधी, त्यामुळे सगळा दोष ब्लूटूथला देता येणार नाही. पण भीतीच्या प्रसंगी ती आधी किंचाळते आणि मग आमच्याकडे दार उघडते. असा रहस्यपट पाहण्यात काही अर्थ उरत नाही.

याच्या पुढची पायरी तयार आहे. एलई ऑडिओ या ब्लूटूथच्याच नव्या पद्धतीची घोषणा २०२० मध्ये झाली आणि तिच्यातल्या प्रसारणाच्या सोयीला २०२२ मध्ये ऑराकास्ट हे नाव मिळाले. यात फोन किंवा टीव्ही आवाज नुसता प्रसारित करतो आणि टप्प्यातले कितीही हेडफोन, श्रवणयंत्रेसुद्धा, तो पकडू शकतात. आवाज कमी-जास्त करणे ज्याच्या त्याच्या हाती. तत्त्वतः याहून चांगले काही असू शकत नाही आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. माझे म्हणणे एवढेच की एकाचे दोन केल्यानंतर यंत्रवाल्यांनी थेट कितीही करून टाकले. तीनवर थांबणे त्यांना याही खेपेला जमले नाही. शिवाय पाठवणारे आणि ऐकणारे, दोन्हीकडचे उपकरण नव्या पद्धतीचे असावे लागते. आमच्या घरी तसा हेडफोन एकच आहे. अगणित श्रोत्यांसाठीचे ते प्रसारण मी एकट्याने ऐकून पाहिले.

तेव्हा आम्ही पुन्हा पेटी, वायरी आणि जुना फोन यांच्याकडे आलो. आवाजाचा प्रश्न मिटला. भिंतीपलीकडे चित्रपटाचा एक कणही जात नाही, हे मी स्वतः अण्णांच्या उशाशी उभे राहून तपासले आहे. राहिला तो बोलण्याचा प्रश्न. १ जुलै १९७९ रोजी सोनीचा पहिला वॉकमन आला तेव्हा त्याला हेडफोनची दोन सॉकेटे होती. कंपनीचे अकिओ मोरिता यांनी तो घरी वापरून पाहिला तेव्हा त्यांच्या पत्नीला आपल्याला वगळल्यासारखे वाटले, म्हणून दुसरे सॉकेट. आणि हेडफोन लावल्यावर एकमेकांशी बोलता येईना, म्हणून एक नारिंगी बटण, जे दाबले की संगीत मंद होऊन छोट्या माइकमधून एकमेकांचे बोलणे ऐकू येई. लोकांनी ते यंत्र वाटून न घेता ज्याचे त्याने वापरले आणि पुढे दुसरे सॉकेटही गेले आणि नारिंगी बटणही गेले. आमच्या पेटीला तसले बटण नाही आणि प्रश्न विचारल्याशिवाय आत्याला चित्रपट पाहता येत नाही.

कानात आवाज चालू असला की माणूस नकळत मोठ्याने बोलतो. एत्येन लोंबार या फ्रेंच कानतज्ज्ञाने हे निरीक्षण १९११ साली मांडले होते. त्यासाठी आत्याचा अभ्यास त्याला करावा लागला नसावा. कान पूर्ण झाकणारा २५० ओहमचा हेडफोन, बटण शेवटपर्यंत फिरवलेले, पडद्यावर नीरव रात्र, आणि आत्या गरजते, “अरे, हाच का तो खुनी?” पलीकडे अण्णा खडबडून उठतात आणि दारात येऊन विचारतात की कोण खुनी, कोणाचा खुनी, आणि पोलिसांना कळवले आहे का. सौ. बोटाने गप्प राहण्याची खूण करते, ती आत्याला दिसत नाही. मी काहीतरी समजावून सांगतो, ते हेडफोनमुळे मी स्वतःच मोठ्याने सांगतो.

म्हणून आता कोचावर एक वही आणि पेन ठेवले आहे. शंका असेल त्याने लिहावी आणि वही पुढे सरकवावी. पहिल्या रात्री आत्याने नीटस अक्षरात ‘हा टोपीवाला कोण?’ असे लिहून वही माझ्याकडे दिली. मी खाली सविस्तर लिहिले की हा मृताचा सावत्र भाऊ असून मृत्युपत्रातून त्याचे नाव वगळलेले आहे, पण त्या रात्री तो गावात नव्हता असे निदान तो तरी म्हणतो. आत्याने वही डोळ्यांजवळ नेली, दूर धरली, चष्मा पुसून पुन्हा जवळ नेली आणि मग त्याखाली एक ओळ लिहून परत केली: ‘जरा मोठ्या अक्षरात लिही रे.’